पिरॅमिडचा डाव आणि दैवाचा हिशेब

पिरॅमिड हा एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव. जोकर बाजूला काढून 52 पत्त्यांचा कॅट पिसायचा आणि त्यातले 28 पत्ते उघडे, सात ओळींत मांडायचे: शिखरावर एक, खाली दोन, मग तीन, असे करत तळाला सात. प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर अर्धी चढवतात. त्यामुळे तळाचे सात सोडले तर बाकीचा प्रत्येक पत्ता दोन पत्त्यांखाली दबलेला असतो. ते दोन्ही गेले की तो मोकळा. मोकळ्या पत्त्यांतून 13 बेरजेची जोडी उचलायची. एक्क्याचा 1, गुलामाचे 11, राणीचे 12. म्हणजे राणीला एक्का, गुलामाला दुर्री, दश्शीला तिर्री, नवाला चार, आठाला पाच, सत्तीला छक्की. राजा स्वतःच 13, तो एकटा जातो. उरलेले 24 पत्ते पालथे ठेवून एकेक उलटायचा. तो पिरॅमिडमधल्या मोकळ्या पत्त्याशी किंवा टाकलेल्या ढिगाच्या वरच्या पत्त्याशी जुळला तर जोडी उचलायची, नाही तर त्याच ढिगावर ठेवायचा. पिरॅमिड पुरता उठला की डाव लागला. कडक नियमात पालथ्या पत्त्यांची एकच फेरी मिळते, सैल नियमात आणखी दोन.

नियम इतकेच. पण पत्ते पिसून झाल्यावर डावात खेळणाऱ्याच्या हाती नेमके काय उरते, हा प्रश्न भारतीय विचारातल्या एका जुन्या वादाशी जाऊन भिडतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, यांत श्रेष्ठ काय. भीष्म वसिष्ठ आणि ब्रह्मदेव यांचा संवाद सांगतात. त्यात दैव हे बी आणि प्रयत्न हे शेत. शेतावाचून बी फळत नाही, तसे प्रयत्नावाचून दैव फळत नाही. योगवासिष्ठ याहून कडवे आहे. त्याच्या मते दैव म्हणजे मागच्या जन्मीचाच प्रयत्न. जुना आणि नवा प्रयत्न दोन एडक्यांसारखे टकरा घेतात आणि जो बलवान तो जिंकतो. दैव हा शब्द दुःखात सापडलेल्या दुबळ्या मनाला दिलेला दिलासा आहे, असेही तो ग्रंथ म्हणतो. दुसऱ्या टोकाला सगळे ठरलेलेच मानणाऱ्या आजीविक पंथाचा मक्खली गोशाल. बौद्ध सुत्तांत त्याच्या तोंडी सुताच्या गुंडीचा दृष्टांत येतो: फेकलेली गुंडी सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही ठरलेला फेरा पुरा करूनच सुटतात.

पिरॅमिडवर वेदान्ताची परिभाषा सहज बसते. मांडलेले 28 पत्ते प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेले कर्म; पालथे 24 संचित, म्हणजे साठून राहिलेले; हातून होणारी प्रत्येक उचल क्रियमाण, म्हणजे आता घडणारे. बसते म्हणूनच जरा सावध राहावे. प्रारब्धामागे कर्त्याचे स्वतःचे कर्म असते. पिसण्यामागे कोणाचेच नसते. शिखरावर छक्की आली ती खेळणाऱ्याच्या कुठल्याही पुण्याईने वा पापाने नव्हे. संचिताचे रूपकही अर्धेच लागू पडते. उघड्या 28 पत्त्यांवरून पालथे 24 कोणते हे नेमके सांगता येते, फक्त त्यांचा क्रम कळत नाही. दुसऱ्या फेरीत तोही कळतो. एवढे ज्ञान संचिताबद्दल कोणत्याही साधकाला नसावे.

उपमा बाजूला ठेवून डावाकडेच पाहिले तर दैव आणि प्रयत्न यांची वाटणी स्पष्ट दिसते, आणि ती सारखी नाही. शिखरावर छक्की आहे आणि चारही सत्त्या पिरॅमिडमध्येच आहेत, असे समजा. शिखर मोकळे व्हायला खालचे सगळे 27 पत्ते उठायला हवेत, त्यात चारही सत्त्या आल्या. त्या उठल्या की छक्कीला जोडीदारच उरत नाही. असा डाव जगातला कोणीही लावू शकत नाही. हिशेब केला तर केवळ शिखराच्या पत्त्यामुळे असे बुडीत डाव शंभरात साधारण साडेसहा निघतात. दुसऱ्या ओळीतल्या पत्त्यावर 20 पत्त्यांचा भार असतो. त्या विसांत त्याचे चारही जोडीदार असले की तीच गत. मांडणी डोळ्यासमोर असल्याने हे पहिली जोडी उचलण्याआधीच कळू शकते. बहुतेक जण पाहत नाहीत आणि अर्धा डाव खेळून नशिबाला बोल लावतात.

उलट, लागणारा डाव घालवणे मात्र अगदी सोपे. तळाला दोन छक्क्या आणि एक सत्ती मोकळी असेल तर कोणती छक्की द्यायची यावर वरचा कोणता पत्ता सुटणार हे ठरते. घाईत चुकीची दिली तर मोक्याचा जोडीदार ढिगात गाडला जातो. म्हणजे इथे न लागणारा डाव प्रयत्नाने लावता येत नाही, लागणारा मात्र बुडवता येतो. भीष्मांचे बी आणि शेत या डावाला जुळते, कारण त्या दृष्टांतात एकट्याने पुरे पडण्याचा दावा कोणाचाच नाही. योगवासिष्ठाचे एडके जुळत नाहीत, कारण चार सत्त्यांखालच्या छक्कीसमोर नव्या एडक्याची टक्कर वाया जाते. गोशालाचेही पुरते खरे ठरत नाही: एकाच मांडणीवर दोन माणसे वेगळी खेळली तर एकाचा डाव लागतो, दुसऱ्याचा अडतो. सूत तेच, उलगडणे वेगळे.

हरल्यावर मात्र दोष कोणाचा हे बहुधा कळत नाही. वरच्यासारखी उघड अडचण नसेल तर अडलेला डाव मुळातच बुडीत होता की मधल्या एखाद्या उचलीने बुडाला, हे सगळ्या पर्यायी चाली तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ते काम संगणकाचे. तरीही अशा डावांकडून कौल घेतला जाई: डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत या प्रकारच्या डावांना कबाला या यहुदी गूढविद्येच्या नावावरून आलेले शब्द आहेत, आणि युरोपात मनातली इच्छा फळेल का हे पाहायला असे डाव लावले जात. कौल म्हणून हे साधन कच्चेच, कारण नकार पत्त्यांनी दिला की खेळणाऱ्याच्या हाताने, ते कळायला मार्ग नाही.

आणखी एक गोष्ट वादात सहसा येत नाही: नियमाची. एका फेरीत अडलेली तीच मांडणी तीन फेऱ्यांत लागू शकते. तेव्हा बुडीतपणा पुष्कळदा पत्त्यांत नसून पत्ते आणि नियम यांच्या जोडीत असतो, आणि एकट्याच्या खेळात नियम खेळणाराच निवडतो. चारही सत्त्यांखाली दबलेल्या छक्कीला मात्र फेऱ्या कितीही वाढवल्या तरी काही फरक पडत नाही.