मोल आणि नाद

वाद्याची किंमत वाढली कीं त्याचा नादही त्याच मानानें वाढतो काय? इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ५२ वादकांनीं ६ गिटारी न पाहतां वाजविल्या. सर्वांची पुढची फळी एकाच जातीची, पाठ व बाजू मात्र स्वस्त-महाग निरनिराळ्या लांकडांच्या. तरी महाग लांकडाच्या पारड्यांत त्यांचें मत पडलें नाहीं.

याचा अर्थ कितीही स्वस्त चालेल असा नव्हे. नाद मुख्यतः पुढच्या पातळ फळींतून उमटतो. ती जाड प्लायवूडची असली कीं तो कोंदतो. तारा पट्टीपासून फार उंच बसविल्या, तर शिकणाराचीं बोटें सोलतात आणि तो शिकणेंच सोडतो. तेथील काटकसर विद्येच्या मुळावर येते.

पण सामान साधें म्हणून वाद्य उणें ठरत नाहीं. कसाऱ्याच्या उत्तरेस मोखाडा-जव्हारकडे वारली लोक सुकलेला भोपळा, बांबू आणि ताडाचीं पानें यांचा तारपा करतात. त्याचा सूर पालटतांच नाचणारांचीं पावलें पालटतात. तेथें किमतीची चौकशी कोण करतो?

वाद्यानें वादकाला अडवूं नये, एवढें मोल न्याय्य होय. त्यापुढील मोल आपण बहुधा नादासाठीं नव्हे, मानासाठीं देतों. तें खुशाल द्यावें. मात्र त्यास रसिकता म्हणूं नये, असें आम्हांस वाटतें.