शीव पुसल्यावर ग्रामदैवत कुणाचे?

२०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत आली. शिवा मिटल्या, मग शिवेचा राखणदार देव कुणाचा? माझ्या मते देवाची हद्द सातबाऱ्यावर नव्हे, पत्करलेल्या जबाबदारीवर ठरते. वाकड पिंपरी-चिंचवड पालिकेत गेले, तरी ग्रामदैवत म्हातोबाच्या यात्रेत बगाड हिंजवडीहून वाकडला निघतेच, पाठीत गळ टोचून घेणाऱ्या गळकऱ्यासह. कुणी म्हणेल, टॉवरमधल्या नव्या रहिवाशांचे कुलदैवत वेगळे आणि इथले मान तर ठरावीक घराण्यांचे. आक्षेप खरा आहे, आणि तो गावाला झोंबायलाही हवा. पण मान वंशाने मिळत असला तरी यात्रेतल्या पाण्याची, पंगतीची कामे कुणालाही करता येतात. ती करणारा भाडेकरूही, मला वाटते, त्याच देवाच्या राखणीत येतो. गावकीने मानो वा न मानो.