नसलेला खर्ज

जे हवेत नाही ते कानाला ऐकू येईल अशी व्यवस्था करणे, याला फसवणूक म्हणावे की साहाय्य? प्रश्न वरवर पाहता तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो. परंतु गेल्या काही वर्षांत तो आपल्या घरांतील पुस्तकांच्या फळीवर येऊन बसला आहे. नारळाहून थोडी मोठी अशी एक पेटी, पाठीमागे विजेची एक वायर, बाकी तारांचे जंजाळ नाही. खिशातल्या फोनवर बोट टेकवले की तिच्यातून गाणे सुरू होते. अशा छोट्या, बिनतारी, स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटातच बाळगणाऱ्या स्पीकरांची परीक्षणे आता पुष्कळ वाचावयास मिळतात. त्यांत एक वाक्य हमखास भेटते: एवढ्याशा पेटीतून एवढा खर्ज येतो यावर विश्वास बसत नाही. परीक्षकाचा विश्वास बसत नाही हे योग्यच आहे, कारण त्यातला बराचसा खर्ज त्या पेटीतून येतच नाही.

हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पत्करावे लागेल. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. स्वर जितका खालचा, तितकी अधिक हवा हलवावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तो स्वर त्याच्या पूर्ण वजनानिशी खोलीत उभा करणे चार इंची पडद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. अमेरिकेतील केएलएच ही कंपनी १९५७ मध्ये ज्या तिघांनी स्थापन केली, त्यांपैकी हॉफमन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिहींपैकी कोणतीही दोन सुखे मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. (हे हॉफमन म्हणजे थोर पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे चिरंजीव. बापाने सूर निर्माण केले, मुलाने ते पेटीत कोंडण्याची किंमत सांगितली.)

आजची छोटी पेटी या नियमातून सुटलेली नाही. तिने फक्त कुठे पाणी सोडायचे ते हुशारीने ठरवले आहे. तिच्या पोटात एक चिमुकला संगणक असतो. आवाज हळू असेल तेव्हा तो खर्ज वाढवून देतो. याला शास्त्रीय आधार आहे, कारण हळू आवाजात मानवी कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. आवाज मोठा केला की हाच संगणक पडदा फाटू नये म्हणून खर्ज गुपचूप काढून घेतो. आणि जिथे मूळ खालचा स्वर देणे शक्यच नसते, तिथे काही पेट्या त्या स्वराचे उपस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, अधिक ठळक करतात. उरलेले काम ऐकणाऱ्याचा मेंदू करतो. ८२, १२३, १६४ अशी कंपने एकत्र कानी पडली की मन त्यांचा समान पाया शोधते आणि ४१ कंपनांचा स्वर ऐकते. तो हवेत नसतोच, किंवा असला तर नावापुरता.

ही काही प्रयोगशाळेतली नवलाई नव्हे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० कंपनांच्या दरम्यानचाच आवाज जात असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० च्या आसपास, म्हणजे त्या दाराबाहेरच. तरी फोनवर वडील बोलू लागले की ते वडीलच असत. त्यांचा आवाज चढा झाला असे कोणी म्हटले नाही. १८४० च्या दशकात झेबेक यांनी सायरनवर प्रयोग करून या प्रकाराकडे लक्ष वेधले, तेव्हा ओम यांनी (विजेच्या नियमामुळे आपल्या मुलांना शाळेत भेटतात तेच) हा कानाचा भ्रम आहे असे म्हणून तो निकालात काढू पाहिला. वाद पुढे शंभर वर्षे रेंगाळला.

आपल्याकडील गवयाला याच्या उलट अनुभव ठाऊक असतो. तंबोरा उत्तम जुळला की त्यातून गंधार ऐकू येतो, आणि गंधाराची तार तर लावलेलीच नसते. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पण तो हवेत खरोखर असतो. खर्जाच्या तारेचाच तो उपस्वर. म्हणजे तंबोऱ्यात कोणी न छेडलेला स्वर हवेत आहे, आणि छोट्या पेटीत वादकाने छेडलेला स्वर हवेत नाही. दोन्ही ठिकाणी ऐकणारा मात्र शपथेवर सांगेल की मी तो ऐकला.

आता नीतीचा प्रश्न. संत ऑगस्टीन यांनी असत्य भाषणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, पहिला इ. स. ३९५ च्या सुमारास. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की असत्याचे मूळ शब्दांत नसते, ते बोलणाऱ्याच्या दुभंगलेल्या अंतःकरणात असते. मनात एक, ओठावर दुसरे, आणि समोरच्याला फसवण्याचा हेतू. म्हणूनच विनोदाला त्यांनी असत्यात धरले नाही. बोलणाऱ्याचा सूरच सांगत असतो की हे खरे मानू नका. या कसोटीवर पेटी निर्दोष सुटते, कारण तिला अंतःकरणच नाही. मग आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे ते पेटी करणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि तिचे परीक्षण लिहिणाऱ्याने.

येथे मला एका धर्मगुरूची आठवण होते. गेओर्ग योझेफ फोग्लर (१७४९–१८१४) हे वेबर आणि मायरबेअर या संगीतकारांचे गुरू. ऑर्गनचा सर्वांत खोल स्वर देणारी नळी ३२ फूट लांब असते. तिला जागा लागते, लाकूड लागते, पैसा लागतो. फोग्लर यांचे म्हणणे असे की ३२ फुटी नळीची गरजच नाही. १६ फुटांची एक आणि १० फूट ८ इंचांची दुसरी एकदम वाजवा. एक सेकंदाला सुमारे ३३ कंपने देते, दुसरी ४९. ऐकणाऱ्याला त्यांच्यातील फरकाचा, १६ कंपनांचा स्वर भासतो. दोन स्वरांतून तिसरा ऐकू येतो हे व्हायोलिनवादक तार्तिनी यांच्यामुळे तोवर माहीत झाले होतेच. फोग्लर यांनी याच तत्त्वावर गावोगाव नेता येईल असा आटोपशीर ऑर्गन बनवला आणि शहरोशहरी जुन्या ऑर्गनांत फेरबदल केले. ते फेरबदल वादग्रस्त ठरले. एवढ्या थोर वाद्याच्या नळ्या काढून टाकणाऱ्यावर लोक रागावणारच! पण युक्ती टिकली. आजही अनेक ऑर्गनांत ती आहे, आणि जेथे आहे तेथे त्या खुंटीवर ‘रिझल्टंट’ किंवा ‘ॲकूस्टिक बास’ असे नाव स्पष्ट लिहिलेले असते. वादकाला माहीत असते की येथे ३२ फुटांची नळी नाही. दोन लहान नळ्यांचा परिणाम आहे.

माझ्या मते सगळा फरक त्या खुंटीवरच्या अक्षरांत आहे.

संत थॉमस अक्वायनस सत्याची व्याख्या वस्तू आणि बुद्धी यांचा मेळ अशी करतात. त्या व्याख्येने पाहू गेल्यास छोट्या पेटीची बाजू अनपेक्षितपणे भक्कम होते. वादकाने ४१ कंपनांचा स्वर छेडला होता, तो ध्वनिमुद्रणात होता, आणि माझ्या मनाने तोच स्वर ओळखला. मधल्या हवेत तो नव्हता, एवढेच. पत्रातील एखादे अक्षर पुसट झाले असता आपण शब्द नीट वाचतो, तेव्हा कोणी आपल्याला भ्रमिष्ट म्हणत नाही. परंतु जो संगणक हरवलेले परत मिळवून देतो, तोच न दिलेलेही घुसडू शकतो. काही पेट्या सरसकट प्रत्येक गाण्याखाली खर्जाची गादी अंथरतात. तंबोऱ्याच्या साथीने एकटी गाणारी बाई असो की नुसता बातम्या सांगणारा निवेदक असो, छातीत धडधड ठरलेली. तेथे मनाने ओळखलेल्या गोष्टीला मुळात काहीच आधार नसतो. दोन्ही पेट्या दुकानात सारख्याच ‘भरदार’ वाटतात, आणि परीक्षकही दोघींना तेच विशेषण देऊन मोकळा होतो. दुखणे आहे ते येथे.

आकड्यांचे असत्य तर आपल्या पिढीने पाहिलेलेच आहे. नव्वदच्या दशकातील टेपरेकॉर्डरांवर ‘पीएमपीओ’ म्हणून शेकडो, हजारो वॅट छापलेले असत. त्या मापाला कोणताही मान्य मानदंड नव्हता. खरी सतत मिळणारी शक्ती त्याचा क्षुल्लक अंश असे. ते लेबल आता मागे पडले, पण त्याची भावंडे हयात आहेत. ‘४० हर्ट्झपर्यंत खर्ज’ असे खोक्यावर लिहिलेले असते. किती आवाजात आणि किती डेसिबलच्या घसरणीनंतर, ते लिहिलेले नसते. त्या दोन गोष्टींवाचून ४० हा आकडा निरर्थक आहे. त्या दोन्ही नोंदवणारे निर्माते आहेत, आणि मी त्यांना फोग्लर यांच्या पंक्तीत बसवतो.

पण सगळा दोष विक्रेत्यांवर टाकून आपण सुटत नाही. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून दहा वर्षे अमेरिकेत जाहीर परीक्षा घेतल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवायचे आणि कोण गाते आहे ते श्रोत्यांनी ओळखायचे. श्रोते चकित होऊन घरी जात. त्यांतील एक गायिका ॲना केस यांनी पुढे उतारवयात एका मुलाखतीत सांगितले की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजासारखा करून गात असत. यंत्र माणसाइतके खरे झाले नव्हते. माणूस यंत्राच्या मापाचा झाला होता. हे वाचले तेव्हापासून मला परीक्षणांतील स्तुतीपेक्षा ऐकणाऱ्याची सवय अधिक चिंताजनक वाटू लागली आहे. ज्याने लहानपणापासून फक्त पेटीतलाच खर्ज ऐकला, त्याला खरा मृदंग किंवा खरी बेस गिटार कदाचित बेढब वाटेल.

डोळेही कानांना नीट न्याय करू देत नाहीत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर. त्यांत एक लहान, स्वस्त, प्लॅस्टिकचा संच होता. दिसत नव्हता तोवर त्याला बरे गुण मिळाले, दिसल्याबरोबर घटले. मोठ्या, देखण्या पेट्यांचे वाढले. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. म्हणजे लहान पेटीवर दुहेरी अन्याय होतो. ती दिसते म्हणून तिला कमी लेखतात, आणि मग तिच्यातून काही भरीव ऐकू आले की जादू म्हणून तिला डोक्यावर घेतात.

आमच्या गायकवृंदातील तरुणांनी मध्यंतरी दोन पेट्या आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि निवाडा मागितला. आम्ही त्यांवर आमच्याच गायनाचे ध्वनिमुद्रण लावले. सुरुवातीला सर्वांना जी पसंत पडली, ती निव्वळ किंचित मोठ्याने वाजत होती. दोहोंचा आवाज सारखा केल्यावर मते पालटली. आमचा बेस गिटारवाला बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, “फादर, माझा एकेक सूर ओळखता येतो, अगदी खालच्या तारेचासुद्धा. पण पोटात काही होत नाही.” इतके नेमके परीक्षण मी छापील पानावर क्वचितच वाचले आहे. स्वर मनाला पोहोचला होता. देहाला पोहोचला नव्हता. खालचा स्वर आपण कानांनी ऐकतो तसा बरगड्यांनी, पायांखालच्या लादीनेही ऐकतो, आणि तेथे मेंदूची भरपाई चालत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्याची झोप सांभाळून ऐकणाऱ्या कुटुंबाला ती उणीव उणीव वाटणारही नाही. उलट सोयीची वाटेल. परंतु ती आहे, हे त्यांना पैसे मोजण्यापूर्वी कोणीतरी सांगायला हवे.

ब्लूटूथबद्दल विचारणा होते, म्हणून थोडक्यात. ते आवाज दाबून, काटछाट करून पाठवते. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट असतात, ब्लूटूथच्या नेहमीच्या पद्धतीत ३२८ च्या आसपास. पण कानाला जे तसेही झाकले जाते तेच बहुतांशी गाळलेले असल्याने घरगुती ऐकण्यात फरक थोडा. त्यावर मी कोणाची झोप उडवणार नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी दुकानात स्वतःच्या ओळखीचा आवाज फोनवर घेऊन जावे. शक्यतो ज्याला प्रत्यक्ष समोर बसून ऐकले आहे अशा माणसाचा. दोन पेट्यांचा आवाज सारखा करून घ्यावा, मग एकदा अगदी हळू आणि एकदा मोठ्याने तेच गाणे लावून खर्ज कुठे नाहीसा होतो ते पाहावे. विक्रेत्याला लाज न बाळगता सांगावे की दोहोंवर कापड टाका. कापड मात्र साडीच्या पदराइतके पातळ असावे. जाड चादर टाकली तर वरचे सूर तीच गिळून टाकते.