शिवीला शब्दकोशात जागा द्यावी का?

माझी एक मैत्रीण नोकरीसाठी चेन्नईहून पुण्यात आली आणि हौसेने मराठी शिकू लागली. एकदा आमच्या इमारतीतले कोकणातले काका नातवावर ओरडले, ‘अरे रांडेच्या, पडशील ना!’ नातू हसत पळाला. मैत्रिणीने मला अर्थ विचारला. ‘अगं, लाडाने म्हणतात तसं,’ असं सांगून मी वेळ मारून नेली. तिचं समाधान झालं नाही. तिने फोनवर मोल्सवर्थचा शब्दकोश उघडला, मूळ शब्द शोधला आणि म्हणाली, ‘इथे विधवा असं दिलंय. आणि वेश्या असंही. मग नक्की काय?’

मला पटकन उत्तर देता आलं नाही. माझी आजी एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. पुढे कधीतरी नळावरच्या भांडणात शेजारणीने तिला हाच शब्द ऐकवला होता. हे मला सांगताना आजी सत्तरीत होती, तरी तो शब्द तिने तोंडातून काढला नाही. ‘ती मला तसं म्हणाली,’ एवढंच. आता त्या शेजारणीने शिवी दिली होती, की जे होतं तेच सांगितलं होतं? कोश बघाल तर दोन्ही. नवरा मरणं ही घटना आणि बाईला देता येईल अशी सर्वांत घाण शिवी, या दोन्हींसाठी आपल्या भाषेने एकच शब्द वापरला. खोड आजची नाही. संस्कृतातल्या ‘रंडा’ शब्दातही विधवा आणि शिवी हे दोन्ही अर्थ आहेतच.

त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की असले शब्द कोशातून काढून टाकावेत. कोणाला हवेत ते?

पण मग तो कोश नीट चाळला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी, वाढवलेली, 1857 ची. आज फोनवर दिसतो तो या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर. त्यात ‘बोडकी’ सापडते, म्हणजे केशवपन केलेली बाई. ‘आलवण’ सापडतं, म्हणजे तिने नेसायचं तांबडं वस्त्र. हे शब्द पुसले तर त्या बायकांचं काय झालं ते कोणत्या शब्दांत सांगणार? 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह का काढावं लागलं? सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या संतापातून ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्यांना एवढा राग कशाचा आला? त्या काळातला कागद वाचायचा तर त्या काळातल्या शिव्या कळायला हव्यात. एका नोंदीत शेजारीशेजारी बसलेले ते दोन अर्थ म्हणजे एका समाजाचा कबुलीजबाब आहे, आणि आरोपीची अब्रू वाचावी म्हणून कोणी कबुलीजबाब फाडत नाही.

इथे थांबता आलं असतं, पण मैत्रीण समोर होती. तिला इतिहास नको होता, बोलायला मराठी हवं होतं. तिने कोशावर विश्वास ठेवून एखाद्या बाईची ओळख करून देताना तो शब्द वापरला असता तर? अर्थ कोशाप्रमाणे बरोबर ठरला असता आणि समोरची बाई मात्र आयुष्यभरासाठी दुखावली असती.

म्हणजे कोश दोन कामं करतो. अभ्यासकासाठी तो साक्षीदार असतो आणि साक्षीदाराने काही लपवायचं नसतं. शिकणाऱ्यासाठी तो शिक्षक असतो आणि शिक्षकाने नुसता अर्थ सांगून चालत नाही, धोकाही सांगावा लागतो. गंमत अशी, की मोल्सवर्थचा कोश मुळात शिकणाऱ्यांसाठीच होता. मराठी शिकणारे इंग्रज अधिकारी आणि मिशनरी हे त्याचे वाचक. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तोच अभ्यासकांचा ठेवा झाला. आता फोनमुळे तो पुन्हा शिकणाऱ्याच्या हातात आलाय, आणि मधल्या काळात शब्दांना काय झालं हे त्याला माहीत नाही.

मग जुना शब्द बदलून चांगला शब्द द्यावा का? तेही आपण करून पाहिलंय. लग्नपत्रिकेत विधवेच्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहितात, म्हणजे गंगा भागीरथी. 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी हाच शब्द वापरण्याची कल्पना पुढे आणली. जोरदार टीका झाली आणि असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा करावा लागला. टीका मला पटली. शब्द पवित्र, पण काम तेच: तिचं नाव यायच्या आधी तिचा नवरा गेल्याची बातमी सांगणं. पुरुषाच्या नावाआधी असं काही आपण लिहीत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. त्यांनी शब्दाला हात लावला नाही, प्रथेला लावला. मला वाटतं, शब्द मरण्याची खरी रीत हीच. ‘आलवण’ कोणी कोशातून काढलं नाही. ते नेसवणं थांबलं आणि शब्द आपोआप जुना झाला. आज तो समजायला कोश लागतो, ही चांगलीच गोष्ट आहे.

म्हणून माझं मत असं झालंय, की शब्द राहू द्यावा, पण एकटा नको. शेजारी स्पष्ट लिहावं, की हा शब्द कोणाविरुद्ध वापरला गेला आणि आज तो वापरल्याने काय होतं. ती टीप लिहिताना ज्यांना तो शब्द लागलाय त्यांना विचारावं. या मताची किंमत मी मोजत नाहीये, हे मला कळतं. आजीला विचारलं असतं तर ती कदाचित ‘काढून टाक’ म्हणाली असती, आणि माझ्याकडे तिला पटेल असं उत्तर नसतं. तिच्यासाठी तो पुरावा नव्हता, मार होता.

मैत्रिणीने वही पुढे केली तेव्हा मी दोन्ही अर्थ लिहिले आणि खाली लिहिलं, ‘ओळखायचा, वापरायचा नाही.’ तिने वाचलं आणि विचारलं, ‘मग काकांना सांगितलंस का?’

नाही सांगितलं. ते प्रेमाने म्हणतात, वयाने मोठे आहेत, त्यांच्या मनात तसं काही नसतं. हे सगळं खरं आहे. कोशाने कशी टीप द्यावी हे मी इथे सात-आठशे शब्दांत सांगू शकते, पण जिन्यात भेटणाऱ्या काकांना एक वाक्य सांगता आलेलं नाही.

परवा नातू खालच्या मुलांशी क्रिकेट खेळत होता. कॅच सुटल्यावर तो मित्राला तेच म्हणाला. आवाजात लाड नव्हता.

आज संध्याकाळी मी वर जाणार आहे.