वाडीला विचारून

विद्यापीठांत सध्या पारंपरिक ज्ञानाला बरे दिवस आले आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेचा आग्रह धरल्यापासून केंद्रे निघत आहेत, करार होत आहेत, चर्चासत्रांच्या पत्रिका छापल्या जात आहेत. उद्या शिवाजी विद्यापीठाने सह्याद्रीतल्या लोकांच्या ज्ञानावर काम करणारे संशोधनाचे एखादे जाळे उभारायचे ठरवले, तर वनस्पतिशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मराठी हे विभाग त्यात सहज येतील आणि डोंगरी तालुक्यांतली महाविद्यालयेही जोडून घेता येतील. ते व्हावे असे मलाही वाटते. प्रश्न एवढाच की, या जाळ्याचा प्रमुख जाब कोणाला देणार? कुलगुरूंना, निधी देणाऱ्यांना, की गगनबावड्याच्या डोंगरावरच्या धनगरवाड्याला?

या वाड्यांवरचे धनगर मेंढ्यांमागे फिरणारे नव्हेत. हे डंगे धनगर, म्हणजे गवळी धनगर. म्हशी पाळायच्या, लोणी-तूप खाली नेऊन विकायचे आणि उतारावर नाचणी-वरी करायची, हा त्यांचा जुना संसार. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८२ साली गवळी धनगरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. दरीत भातशेती करणारा कुणबी आणि माथ्यावर म्हशी राखणारा गवळी यांनी डोंगर कसा वाटून घेतला होता आणि जंगल आटल्यावर ही घडी कशी विसकटली, हे त्यांच्या कामातून अभ्यासकांना कळले. वाडीला ते आधीपासूनच ठाऊक होते.

सरकारी यादीत हे लोक आदिवासी नाहीत, भटक्या जमाती (क) मध्ये आहेत. याचा परिणाम वनहक्क कायद्यापाशी दिसतो. २००६ च्या या कायद्यात अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या घरात कागद ठेवायला कोरडा कोनाडा नाही, त्यांनी ७५ वर्षांचा पुरावा आणायचा! कायद्याच्या नियमांनी एक वाट मोकळी ठेवली आहे: गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही पुरावा धरले जाते. जुनी दप्तरे तर चालतातच. कोल्हापुरात पुरालेखागार आहे, गगनबावडा, म्हणजेच बावडा, ही पंत अमात्यांची जहागीर होती, १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर आहे. चराईची नोंद कुठे सापडते का, जुन्या वहिवाटीचा उल्लेख कुठे येतो का, हे शोधायला मोडी वाचणारा माणूस लागतो आणि तो विद्यापीठात मिळतो. वाडीवरच्या आज्जीची आठवण आणि दप्तरातली ओळ शेजारी शेजारी ठेवता आल्या, तर ते अव्वल दर्जाचे संशोधन ठरेल. पण पुराव्याचा हा प्रश्न वाडीचा आहे, विद्यापीठाचा नव्हे. प्रबंधांचे विषय सहसा ‘धनगर समाजातील औषधी वनस्पतींचा वापर’ असे असतात, आणि ते ठरतात कोल्हापुरात.

मग प्रश्नावली निघते. वनस्पतीचे नाव, वापरायचा भाग, रोग, असे तिचे रकाने. आज्जी सांगू लागते ते निराळेच: पाला कोणत्या नक्षत्रात तोडायचा, कोणाच्या हाताला गुण आहे, गाभण म्हशीला काय चालत नाही, आणि अमुक गोष्ट परक्याला का सांगायची नाही. विद्यार्थी भला असतो, ऐकूनही घेतो. पण रकान्यात तीन शब्द मावतात, तेवढेच कोल्हापूरला जातात.

मौज अशी की, लोकांचे काही घेण्याआधी त्यांना विचारायचे, हा धडा घ्यायला परदेशी जायची गरज नाही. बावड्याच्या अमात्य घराण्यातल्या रामचंद्रपंतांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. आरमारासाठी लाकूड हवे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असे त्यात बजावले आहे. राज्याची निकड आरमाराएवढी असतानाही संमती आणि मोबदला टाळायचा नाही! आपल्या संशोधन-नीती समित्यांचे संमतिपत्र यापुढे लटके वाटते. अंगठा कशावर उठवतोय हे ज्याला वाचता येत नाही, त्याची ती कसली संमती?

विचारायचे तरी कोणाला, हाही गुंताच आहे. केरळात १९८७ साली अगस्त्य डोंगरात कानी जमातीच्या वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी एक वनस्पती दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध निघाले आणि तंत्रज्ञान विकून आलेल्या पैशातला निम्मा वाटा कानींच्या न्यासाला देण्याचे ठरले. जगभर वाहवा झाली. पण दुसऱ्या भागातले कानी म्हणाले, आम्हाला कुठे विचारले? मोजक्या वाटाड्यांचा होकार म्हणजे जमातीचा होकार नव्हे.

देशात २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याच्या नियमांनी गावोगावी व्यवस्थापन समित्या आणि लोकांच्या ज्ञानाच्या नोंदवह्या आणल्या. कल्पना उत्तम. पुढे हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाखांचा भुर्दंड ठेवला. एवढ्या घाईत नोंदवह्या भरल्या जातात, लिहिल्या जात नाहीत.

उलट गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. तिथे गावाचे अभ्यासगट आहेत. बाहेरचा जाणकार त्यात येऊन बसतो, माहिती देतो, वादही घालतो. निर्णय मात्र गावसभा घेते, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. बावड्याला हे जसेच्या तसे लागू होईल असे नाही. मेंढा एकसंध गोंड गाव, इथे वाड्या विखुरलेल्या आणि तरुण पोरे मुंबई-पुण्याला. पण अभ्यास गावाने चालवायचा आणि विद्यापीठाने त्याला हजर राहायचे, ही रीत उचलता येईल.

तसे झाले तर जाळ्याच्या प्रमुखाचे काम बदलते. निधीचा हिशेब मार्चअखेर संपतो, म्हणून संशोधक डोंगरावर येतात ते थंडीत, वाटा कोरड्या असताना. सड्यावरची फुले, वाहून गेलेली पायवाट, डालीतून दवाखान्यात न्यावा लागणारा आजारी माणूस हे सगळे पावसाळ्यातले. ते अहवालात येतच नाही. हे वेळापत्रक विद्यापीठाशी भांडून बदलून घेणे हे प्रमुखाचे पहिले काम. वाटाड्याला आणि आज्जीला बाहेरून आलेल्या तज्ज्ञाएवढेच मानधन मिळवून देणे हे दुसरे, आणि लेखा विभागाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला त्यातली मेख कळेल. श्रेयाचेही तसेच. पश्चिम घाटातल्या कंदीलपुष्पांच्या जाती जपण्यात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे काम खरोखर मोठे आहे. पण या गटातल्या जातींची नावे पाहिली तर सांतापाऊ आणि मॅक्कॅन हे अभ्यासक भेटतात. ज्यांनी वाट दाखवली असेल त्यांचे नाव लॅटिनमध्ये जात नाही. निदान निबंधाच्या लेखकांत तरी ते यावे.

असे भांडण करणारा माणूस विद्वत्तेच्या गुणांवर सापडेलच असे नाही. त्यामुळे जाळे झालेच, तर प्रमुखाच्या निवड समितीत धनगरवाड्यांवरच्या दोघा-तिघांना सन्मानाने बसवा, मुलाखत पावसाळ्यात बावड्यातच घ्या, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.