नाव वगळले जाते तेव्हा

ख्रिस्ती शिकवणुकीत सात प्रमुख पापांची यादी आहे. चोरी किंवा खून तिच्यात नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इतर पापे ज्या मुळांतून उगवतात त्यांची ती यादी आहे आणि त्यात गर्वाचा क्रमांक पहिला लागतो.

गर्वाची मोठी अडचण म्हणजे ज्याला तो असतो त्याला तो दिसत नाही. राग आला की आपल्याला कळते, हाव सुटली तरी कळते. पापनिवेदन करताना 'मी चिडलो, खोटे बोललो' असे आपण सांगतो. 'मी गर्विष्ठ आहे' असे सांगणारा विरळा. लूकच्या शुभवर्तमानातील (18:9-14) परूशी खोटे बोलत नव्हता. तो खरोखरच उपवास करीत होता, दशांश देत होता. पण प्रार्थना करताना त्याचा एक डोळा शेजारच्या जकातदारावर होता.

मग नम्रता ओळखायची कशी? 'मी कसला, मी साधा माणूस' असे तर आपण सगळेच म्हणतो, आणि 'छे हो, तुमच्याशिवाय कोण करणार?' हे उत्तर कधी येते याची वाट पाहतो. माझ्या मते खरी परीक्षा होते ती आपले नाव वगळले जाते तेव्हा. सणाच्या समितीत यंदा आपण नसतो. वर्षानुवर्षे आपण करीत आलेले वाचन कुणा कॉलेजच्या मुलीला दिले जाते. गायनमंडळात नवा माणूस पेटीवर बसतो. 'माझी गरज नाही ना? मग बघू या कसे होते यांचे!' हे वाक्य ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही धर्मग्रामात ऐकायला मिळेल. काहींची तर पुढच्या रविवारची मिस्साच दुसऱ्या चर्चमध्ये होते.

अशा वेळी मला संत गोन्सालो गार्सिया आठवतात. ते वसईचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. 2014 पर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. सोळाव्या शतकात कोवळ्या वयात ते येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि अनेक वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले. येशूसंघात आपल्याला घ्यावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. ते व्यापाराकडे वळले, त्यात त्यांचा जम बसला. तेथेच थांबले असते तर कुणी दोष दिला नसता. पण पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून दाखल झाले, धर्मगुरू म्हणून नव्हे. 1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. दुभाषाचे काम कसे असते पाहा: सगळे त्याच्याच तोंडून ऐकतात, पण शब्द दुसऱ्याचे असतात. स्वतःचे त्यात मिसळायचे नसते.

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे 26 जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, सतरा प्रापंचिक जपानी ख्रिस्ती होते, आणि तिघे येशूसंघाचे होते. ज्या संघात गोन्सालो यांना जागा मिळाली नव्हती त्या संघाची माणसे त्याच टेकडीवर त्यांच्या सोबतीला होती. 1862 साली या सर्वांना एकत्रच संतपद देण्यात आले.

ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळचे जुने चर्च ज्यांच्या नावाने आहे ते योहान बाप्तिस्ताही याच वाटेचे. त्यांचे शिष्य त्यांच्या देखत येशूच्या मागे निघून गेले, आणि त्यांनी त्यांना अडवले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नम्रतेचा उपदेश आपल्याकडे बहुधा वरून खाली होतो. सुनेने नम्र राहावे, नोकराने नम्र राहावे, गावाकडून नव्याने आलेल्या कुटुंबाने मागच्या बाकावर बसावे. आमच्या घराण्यात ख्रिस्ती श्रद्धा किती पिढ्यांची, याचाही काहींना अभिमान असतो, जणू बाप्तिस्मा वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर चढतो! अन्याय मुकाट सोसणे आणि नम्रता यांत फार अंतर आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांना आपले पाय धुवायला सांगितले नाही; गुरू स्वतःच खाली वाकला. पेत्राला ते सहन होईना, कारण उलटी रीत त्याच्या अंगवळणी पडली होती.

पवित्र गुरुवारी वेदीपाशी हा विधी आपण डोळे भरून पाहतो. डोंबिवलीच्या आपल्या इमारतींत सकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशींचा चहाचा कप मात्र अजून काही घरांत वेगळा असतो, खिडकीत पालथा घातलेला. आणि कित्येक वर्षे त्या घरात येऊनही त्यांचे पूर्ण नाव काय, हे तिथे कुणी विचारलेले नसते.