पहिल्यांदाच आलात का?

शिक्षकाने खोटे बोलू नये असा संकेत आहे. आणि वर्गणीवाले दाराशी आले असता आतून 'घरात नाहीत म्हणून सांग' असे खुणावणे सोडले, तर तो संकेत मी बराचसा पाळीत आलो आहे. पण गेल्या वर्षी सिंगापूरच्या विमानतळावरून हॉटेलकडे जाताना मी एका टॅक्सीवाल्याशी जे खोटे बोललो, ते अजून माझा पिच्छा सोडीत नाही. खोटे म्हणाल तर अगदीच लहान. त्याने कुणाचे नुकसान झाले असेल तर ते माझेच. तरीही त्या माणसाचे मी काहीतरी देणे लागतो असे मला वाटत राहते. आणि ते देणे नेमके कसले, हे ठरवता येत नाही म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग असा. माझ्या थोरल्या बहिणीला साठ वर्षे पूर्ण झाली. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. त्याने हौसेने आईला, आणि आईच्या सोबतीला म्हणून आम्हा उभयतांना, सिंगापूरहून निघणाऱ्या एका जहाजाची तिकिटे काढून दिली. तो स्वतः दुसऱ्या दिवशी परस्पर धक्क्यावर येऊन भेटणार होता. "मामा, विमानाला उशीर होऊ शकतो, पण जहाज कुणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशीच पोचा आणि रात्र शहरात काढा," असे त्याने बजावले होते. वर एका कागदावर सारे टिपून दिले होते. विमान वेळेवर उतरले तर रेल्वे घ्यायची. चांगी विमानतळाच्या पोटातच तिचे स्टेशन आहे. तानाह मेराह येथे गाडी बदलली की शहर. उशीर झाला तर टॅक्सी. हॉटेल लिटल इंडियात, सेरंगून रोडच्या एका गल्लीत. आणि दुसऱ्या दिवशीसाठी खाली दोन रेघा मारून लिहिले होते : 'प्रवासी जहाजांचे धक्के दोन आहेत. आपला मरीना बे. चुकून हार्बरफ्रंटला जाऊ नका.'

मुंबईहून विमान उशिराच सुटले. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे उशिरात आणखी भर पडल्यासारखे वाटले. उतरलो, परवान्याच्या खिडकीशी रांग लावली, सामान घेतले, तेव्हा शहराकडे जाणारी शेवटची रेल्वे केव्हाच गेली होती आणि बारा वाजून गेले होते. टॅक्सीच्या रांगेत उभे राहिलो. तिथे पसंतीचा प्रश्न नसतो. जी गाडी पुढे येईल ती आपली. आमच्या वाट्याला साठीच्या घरातला एक चिनी वंशाचा गृहस्थ आला. त्याने उतरून ताईची पेटी स्वतः उचलून मागे ठेवली. सौभाग्यवती म्हणाली, "वन्सं, तुम्ही आतल्या बाजूला बसा," आणि मी चालकाशेजारी बसलो.

गाडी सुरू होताच मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर समोर लावलेल्या परवान्यावरचे त्याचे नाव आणि गाडीचा क्रमांक पाठ करून टाकला. परमुलुख, अपरात्र, बरोबर दोन बायका, आणि माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. थोड्या वेळाने त्याने हसून विचारले, "सिंगापुरात पहिल्यांदाच आलात का?"

वाचकहो, या प्रश्नाचे खरे उत्तर एका शब्दाचे होते. पण 'नवखा आहे असे कळले की टॅक्सीवाला फिरवून नेतो' ही शिकवण आपल्या अंगात इतकी मुरलेली असते, की ते उत्तर ओठांवर येण्याआधीच दुसरे बाहेर पडले. "छे, नेहमी येतो," मी म्हणालो. मागून सौभाग्यवतीचा खोकला ऐकू आला. त्याने पुढे विचारले, "उद्या जहाजावर का?" सामान आणि माणसे पाहून कुणीही विचारील असा तो प्रश्न, पण मला त्यात चौकशीचा वास आला. मी "हूं" म्हणून खिडकीबाहेर पाहू लागलो. तोही मग गप्प झाला.

भाच्याने सांगितले होते की शहराकडे जाताना एक रस्ता समुद्राच्या अंगाने जातो. भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरचा तो रस्ता. लांब समुद्रात नांगरलेल्या जहाजांचे दिवे तिथून दिसतात. ताईला ते दिवे पाहायचे होते. पण आमची गाडी आतल्या भागातून, उंच इमारतींच्या रांगांमधून चालली होती. समुद्राचा पत्ता नव्हता. मी मीटरकडे पाहायचो, मग त्याच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा मीटरकडे. वीस-एक किलोमीटरच्या त्या वाटेत मी त्या माणसाला मनातल्या मनात निदान तीनदा शिक्षा ठोठावली.

हॉटेलच्या दाराशी मीटर २४ डॉलर दाखवीत होता. त्याने ४२ मागितले. आपला कयास खरा ठरल्याचा एक दुष्ट आनंद असतो. तो मला त्या क्षणी झाला, हे कबूल केले पाहिजे. मी आवाज चढवून मीटरकडे बोट दाखविले. त्याचा चेहरा रागावला नाही, गोंधळला. एवढ्यात हॉटेलचा तमिळ कारकून बाहेर आला आणि त्याने मला शांतपणे हिशोब समजावून दिला. मध्यरात्रीनंतर भाड्यावर निम्मे जास्त, म्हणजे १२. विमानतळाचे वेगळे ६. चोवीस, बारा आणि सहा, बेचाळीस. हा नियम सर्वांना माहीत आहे आणि गाडीत लिहिलेलाही आहे. चालकाने छापील पावती काढून दिली. तीत हेच आकडे एकाखाली एक होते. मग तो कारकुनाला काहीतरी म्हणाला. कारकुनाने सांगितले, "तो म्हणतो, साहेब नेहमी येतात, त्यांना हे ठाऊकच असेल असे वाटले म्हणून आधी बोललो नाही. आणि नेहमीचे म्हणून जवळच्या रस्त्याने आणले. नवे पाहुणे असते तर समुद्राकडून आणले असते. त्यांना दिवे बघायला आवडतात."

मी पैसे दिले. त्याने ताईची पेटी पायरीवर ठेवली, मान लववली आणि तो निघून गेला. 'मी पहिल्यांदाच आलो आहे' हे वाक्य तेव्हाही माझ्या तोंडून निघाले नाही.

त्या रात्री झोप लागेना. सौभाग्यवतीने माझी बाजू घेतली. ती म्हणाली, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? मुलखात नवीन, रात्रीची वेळ. सावध राहिलात, ठीकच केलंत. पैसे त्याला पुरते मिळाले. तुमच्या मनात काय होतं हे त्याला कुठं ठाऊक आहे?"

तिचा युक्तिवाद हलका नाही. फसवले गेलेल्या माणसाला 'तू विश्वास का ठेवलास' म्हणून हसणारे आपणच असतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलीला 'अनोळखी माणसावर विश्वास ठेव' असा उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. ज्याच्या खिशात महिन्याचे पैसे आहेत त्याने खिशावर हात ठेवलाच पाहिजे. मग माझे चुकले कुठे?

मला त्याच रात्रीचा, तासाभरापूर्वीचा एक प्रसंग आठवला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मलाही प्रश्न विचारले होते : कुठे उतरणार, किती दिवस राहणार, परत कधी जाणार. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हताच. विश्वास ठेवण्यासाठी त्याला तिथे बसवलेलेही नाही. पण मला त्याचा राग आला नाही. कारण त्याने जे विचारले ते माझ्या पुढच्याला विचारले होते आणि मागच्यालाही विचारणार होता. आणि मुख्य म्हणजे, त्याने विचारले. मला उत्तर देता आले. मी उत्तर दिले आणि त्याने मला पुढे जाऊ दिले.

सावधगिरी आणि संशय यांत जो फरक आहे तो मला इथे सापडतो असे वाटते. सावधगिरी विचारते. 'भाडे साधारण किती होईल? हा रस्ता कोणता? समुद्राकडून जाता येईल का?' असे तीन प्रश्न मी विचारले असते, तर ती सावधगिरी झाली असती आणि तिने कुणाचा अपमानही झाला नसता. मी एकही प्रश्न विचारला नाही. मी एक खटला चालवला. फिर्यादी मी, साक्षीदार मी, न्यायाधीश मी. आणि आरोपी माझ्या शेजारी बसून निमूटपणे गाडी हाकतो आहे, त्याला समन्ससुद्धा नाही.

त्यातला चमत्कार असा, की त्या खटल्यातला प्रत्येक पुरावा माझ्या खोट्यानेच तयार झाला होता. मी 'नेहमी येतो' म्हणालो, म्हणून त्याने जवळचा रस्ता धरला. आणि तो रस्ता मला संशयास्पद वाटला. मी 'नेहमी येतो' म्हणालो, म्हणून त्याने जादा आकार सांगितला नाही. आणि न सांगणे मला लबाडी वाटली. मी तुटक बोललो, म्हणून तो गप्प बसला. आणि त्याचे गप्प बसणे मला खुनशी वाटले. संशयाला बाहेरून काही लागत नाही. तो आपली शिदोरी आपणच रांधतो.

गोविंद बल्लाळ देवलांनी संशयाची दोन नाटके मराठीला दिली. 'झुंझाररावा'त त्यांनी ऑथेल्लोला मराठी वेष चढवला, तर 'संशयकल्लोळा'त फाल्गुनरावाच्या हाती एक तसबीर देऊन घरभर हसू पिकवले. एकात प्राण जातो, दुसऱ्यात नुसता गोंधळ उडतो. पण मूळ दुखणे एकच : ज्याला सरळ मनाने विचारायला हवे त्याला वेळीच कुणी विचारीत नाही. माझे नाटक सुदैवाने दुसऱ्या जातीचे होते. पण ते सुदैव माझे. त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

राहिला सौभाग्यवतीचा शेवटचा प्रश्न. ज्याला कळलेच नाही त्याच्यावर अन्याय झाला कसा? मनात आलेला वाईट विचार मनातच राहिला, तर त्याचे देणे कुणाला?

या प्रश्नाचे उत्तर मला एका सातवीतल्या मुलाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. वर्गात एकाची कंपासपेटी हरवली होती. मी कुणाचेही नाव घेतले नाही. फक्त "ज्याने घेतली असेल त्याने आणून ठेवावी" असे म्हणताना माझी नजर एका मुलाकडे गेली. त्याचे घर गरिबीचे होते, एवढाच त्याचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी पेटी ज्याची त्याच्याच घरी सापडली. पण तो मुलगा पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर गेला, तो वर्ष संपेपर्यंत पुढे आला नाही. मी एक अक्षर बोललो नव्हतो. तेव्हा मनातले मनात राहते यावर माझा विश्वास नाही. ते डोळ्यांत येते, तुटक 'हूं'मध्ये येते. टॅक्सीवाल्याला काही कळले नसेल असे मी कशावरून म्हणू? तो हसत बोलू लागला होता आणि गप्प झाला, एवढे तर मी पाहिले आहे.

आणि समजा, त्याला खरोखरच काही कळले नाही. तरीसुद्धा एका प्रामाणिक माणसाला मी वीस किलोमीटरभर चोर म्हणून वागवले, ही गोष्ट घडलीच. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि अश्वत्थाम्याविषयी ते अर्धे खोटे बोलल्याबरोबर तो खाली टेकला. द्रोणाचार्यांना ते कळले की नाही, यावर रथाचे टेकणे अवलंबून नव्हते. आमची टॅक्सी आधीच जमिनीवर होती, त्यामुळे मला धक्का जाणवला नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मरीना बेच्या धक्क्याकडे निघालो. २०१२ साली सुरू झालेला हा धक्का शहराच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. या वेळचा चालक तरुण होता. मी बसलो आणि वाट पाहू लागलो. त्याने काही विचारलेच नाही. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "आम्ही इथे पहिल्यांदाच आलो आहोत." त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिले, "बरं" म्हणाला आणि गाडी चालवीत राहिला. धक्का मात्र बरोबर तोच निघाला, आणि भाडे मीटरवर होते तेवढेच.

खरे बोलल्याचे बक्षीस मिळेल अशी माझी अपेक्षा होती की काय, कोण जाणे. पण कालचे देणे आज दुसऱ्याच्या हातावर ठेवून फिटत नाही, एवढे मला त्या 'बरं'वरून कळले. ते देणे आता ज्याचे त्याला देता येणार नाही. पुढे कुणी अनोळखी माणूस शेजारी बसेल तेव्हा खटला भरण्याआधी त्याला विचारायचे, एवढेच माझ्या हाती उरले आहे.

रात्री जहाज सुटले. ताई कठड्याशी उभी होती. लांब नांगरलेल्या जहाजांचे दिवे पाण्यावर थरथरत होते. "हेच रे ते, रस्त्यावरून दिसतात ते?" तिने विचारले. मी "हो" म्हणालो. ज्याने ते आम्हाला आनंदाने दाखवले असते, त्याचे संशयापोटी पाठ केलेले नाव मला अजून पाठ आहे.